'अलार्म वेंट ऑफ' : वाजला की बंद झाला? 'गो ऑफ'चे अर्थ

कळफलक

एका कारखान्याची सुरक्षा पुस्तिका आणि पाळीच्या नोंदी इंग्रजीतून मराठीत आणायच्या आहेत. 'गो ऑफ' या एकाच क्रियापदाशी गाडी अडली आहे. वाक्यं उच्चाराप्रमाणे देतो:

१. 'द स्मोक अलार्म वेंट ऑफ ॲट टू फॉर्टी अँड द लाइट्स वेंट ऑफ अ मिनिट लेटर.'
२. 'इफ द स्प्रिंकलर्स गो ऑफ, डू नॉट क्लोज द व्हॉल्व्ह.'
३. 'द ड्रिल वेंट ऑफ विदाउट अ हिच.'
४. कँटीनमधली पाटी: 'डू नॉट यूज धिस मिल्क. इट हॅज गॉन ऑफ.'

शब्दकोशात अर्थांना क्रमांक दिलेत, पण समोरच्या वाक्याला कुठला क्रमांक लावायचा ते शब्दकोश सांगत नाही. पहिल्या वाक्यात तर तेच क्रियापद दोनदा आलंय आणि दोन्ही अर्थ एकमेकांच्या उलट वाटतात. याला काही धरून चालण्याजोगी रीत आहे की प्रत्येक वाक्य पाठ करायचं? पुस्तिका मशीनवर काम करणाऱ्यांच्या हातात जाणार आहे, त्यामुळे अंदाजाने ठोकून चालणार नाही.

---

अडसर

रीत आहे. आधी घोळ कुठून सुरू होतो ते बघू.

आपण मराठीत 'ऑफ' हा शब्द रोज वापरतो, पण त्याचा एकच अर्थ उचललाय: बंद. पंखा ऑफ कर, मोबाइल ऑफ झाला, मूड ऑफ आहे. त्यामुळे 'वेंट ऑफ' वाचलं की हात आपोआप 'बंद झाला' असं लिहून मोकळा होतो. इंग्रजीत मात्र 'बंद' हा 'ऑफ'चा मूळ अर्थ नाही. 'ऑफ' आणि 'ऑव्ह' (म्हणजे 'चा, ची, चे'वाला) हे जुन्या इंग्रजीत एकच शब्द होते आणि त्याचा अर्थ होता 'पासून दूर'. त्याच शब्दाचा ठासून केलेला उच्चार 'ऑफ' झाला, आणि दोघांची स्पेलिंग पक्की वेगळी व्हायला सतरावं शतक उजाडलं. म्हणजे गाभा 'पासून दूर होणं' हा आहे.

मराठीत याला सगळ्यात जवळचं क्रियापद 'सुटणे'. ते कसं वागतं बघा:

वारा सुटला, घाम सुटला, सुगंध सुटला: काहीतरी सुरू झालं.
शाळा सुटली, नोकरी सुटली, सवय सुटली: काहीतरी संपलं.

'शाळा सुटली' ऐकून शाळा सुरू झाली असं कोणाला वाटत नाही आणि 'वारा सुटला' ऐकून वारा पडला असंही वाटत नाही. अडवून धरलेली गोष्ट सुटली तर ती सुरू होते. चालू असलेली गोष्ट आपल्या जागेवरून सुटली तर ती संपते. क्रियापद एकच, कोण सुटलं त्यावर अर्थ फिरतो. 'गो ऑफ' अगदी हेच करतं. 'अलार्म वेंट ऑफ' म्हणजे 'वारा सुटला' आणि 'लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे 'शाळा सुटली'.

अलार्मच्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे. चावीच्या जुन्या गजराच्या घड्याळात गजरासाठी वेगळी स्प्रिंग आणि बहुधा वेगळी चावी असते. चावी दिली की स्प्रिंग ताणून बसते आणि एक अडसर हातोडीला धरून ठेवतो. लावलेली वेळ आली की चाकावरचा उंचवटा खाचेत बसतो, अडसर सरकतो, हातोडी मोकळी होते आणि घंटेवर आपटत राहते. वाजणं म्हणजे तिथे सुटणंच आहे. बंदुकीचंही तेच. घोडा मागे ओढून खाचेत अडकवलेला असतो, चाप दाबला की तो खाचेतून निसटतो आणि बार उडतो. 'द गन वेंट ऑफ'. 'गो ऑफ हाफ-कॉक्ड' हा वाक्प्रचारही तिथलाच. जुन्या गारगोटीच्या बंदुकीत घोडा अर्ध्या खाचेत ठेवला की ती सुरक्षित समजली जाई. तशा अवस्थेत बार उडाला तर ती चूकच, म्हणून पुरती तयारी न करता घाईने काही करण्याला हे शब्द आले.

तुमच्या दुसऱ्या वाक्यातल्या स्प्रिंकलरमध्येसुद्धा हा अडसर डोळ्यांनी दिसतो. छताच्या तोटीवर द्रव भरलेली काचेची छोटी कुपी असते आणि तिनेच पाण्याचं झाकण दाबून धरलेलं असतं. लाल द्रवाची कुपी साधारण ६८ अंश सेल्सियसला फुटते, झाकण पडतं, पाणी सुटतं. म्हणून 'स्प्रिंकलर्स गो ऑफ' म्हणजे स्प्रिंकलरमधून पाणी सुरू झालं. 'स्प्रिंकलर बंद पडले तर' असं लिहिलंत तर सूचना बरोबर उलटी होईल.

तेव्हा कसोटी एवढीच: त्या वस्तूचं रोजचं काम दबा धरून बसायचं आहे की चालू राहायचं? अलार्म, हूटर, बॉम्ब, फटाका, बंदूक, कॅमेऱ्याचा फ्लॅश, गाडीतली एअरबॅग, आगीचा स्प्रिंकलर या सगळ्या दबा धरून बसलेल्या वस्तू. त्या 'गो ऑफ' झाल्या की वाजतात, फुटतात, उडतात, फुगतात. दिवे, हीटर, वीज, पंप, टीव्ही या चालू राहणाऱ्या वस्तू. त्या 'गो ऑफ' झाल्या की बंद होतात.

---

पॅनलरूम

कसोटी चांगली आहे, पण तिच्या कडेला काही वस्तू अशा बसतात की इंग्रजी मातृभाषा असलेलेही अडखळतात. त्या आधी लक्षात घ्या.

फोन: ब्रिटनमध्ये 'हिज फोन वेंट ऑफ इन द मीटिंग' म्हणजे बैठकीत फोन वाजला. आपल्याकडच्या इंग्रजीत 'माय फोन वेंट ऑफ' म्हणजे बॅटरी संपून फोन बंद झाला. दोन्ही वाक्यं व्याकरणाने चोख. लिहिणारा कुठला, हे बघितल्याशिवाय भाषांतर करू नका.

बागेतले स्प्रिंकलर: टायमरवर चालणारे. 'द स्प्रिंकलर्स गो ऑफ ॲट सिक्स' म्हणजे सहाला सुरू की सहाला बंद, हे त्या वाक्यावरून ठरत नाही. आगीच्या स्प्रिंकलरला ही शंका नाही, कारण तो एरवी चालू नसतोच.

इशाऱ्याचा दिवा: अलार्मचा आवाज 'गोज ऑफ' म्हणजे वाजतो. पण त्याच पॅनलवरचा दिवा 'गोज ऑफ' म्हणजे विझतो. दिवा लागला असं म्हणायचं तर 'केम ऑन'. एका नोंदीत दोन्ही येतात आणि माणूस गडबडतो.

नोंदवहीसाठी ही जुळणी जवळ ठेवा. अलार्मभोवतीची क्रियापदं दिसायला सारखी आहेत, कामं वेगळी:

'सेट द अलार्म': गजर लावला, अलार्म तयार स्थितीत ठेवला.
'द अलार्म वेंट ऑफ': वाजला.
'समवन सेट ऑफ द अलार्म': कोणाच्या तरी कृतीमुळे वाजला. मराठीत 'वेल्डिंगच्या धुराने अलार्म वाजला' असं कारण पुढे आणा, म्हणजे 'वाजवला' असं लिहावं लागणार नाही. 'वाजवला' म्हटलं की मुद्दाम केलं असा वास येतो.
'टर्न्ड ऑफ द अलार्म': बंद केला.
'द अलार्म इज ऑफ' किंवा 'वॉज ऑफ': बंद आहे किंवा होता.

शेवटच्या ओळीवर जरा थांबा. 'वॉज ऑफ' आणि 'वेंट ऑफ' यांत एका शब्दाचा फरक. एकात अलार्म बंद होता, म्हणजे कोणाची तरी चूक. दुसऱ्यात अलार्म वाजला, म्हणजे यंत्रणेने आपलं काम केलं. अपघाताच्या चौकशीत हा फरक फार मोठा आहे.

व्याकरणातली एक खाच: या अर्थांत 'गो ऑफ'ला कर्म चालत नाही. 'दे वेंट ऑफ द बॉम्ब' असं इंग्रजीत नाही, त्यासाठी 'सेट ऑफ'. आणि 'सेट ऑफ'मध्ये सर्वनाम मधोमध बसतं: 'सेट इट ऑफ', 'सेट ऑफ इट' नाही.

मराठी बाजूलाही जपा. 'अलार्म बंद झाला' हे आपलं वाक्यही ढिलं आहे. वाजायचा थांबला? कोणी बंद केला? की बिघडून बंद पडला? आगीच्या पॅनलवर सायलेन्स आणि रीसेट ही वेगळी बटणं असतात. सायलेन्स दाबलं की हूटर गप्प होतो, पण अलार्मची खूण पॅनलवर तशीच राहते. रीसेट केल्यावर पॅनल पूर्वस्थितीला येतं, आणि डिटेक्टरपाशी धूर शिल्लक असेल तर अलार्म पुन्हा वाजतो. म्हणून लिहा: 'अलार्म वाजला', 'हूटर बंद केला', 'पॅनल रीसेट केलं', 'अलार्म बंद पडला होता'. चार वेगळ्या घटना, चार वेगळी वाक्यं.

मूळ इंग्रजी दुरुस्त करायची मुभा असेल तर 'वेंट ऑफ' काढूनच टाका. वाजला तिथे 'साउंडेड', दिवे गेले तिथे 'वेंट आउट'. विमान दुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी १९८० च्या दशकात बांधलेलं जे सोपं तांत्रिक इंग्रजी आहे, त्याचं धोरण 'एका शब्दाला एकच अर्थ' असं आहे, आणि अशी जोड-क्रियापदं तिथे सहसा टाळतात. कारण हेच: वाचणाऱ्याची मातृभाषा इंग्रजी असेलच असं नाही, आणि हातात पाना असताना शब्दकोश उघडला जात नाही.

---

सांडशी

वरची कसोटी दुधाला लागत नाही. दूध दबा धरूनही बसत नाही आणि चालूही राहत नाही. तिथे 'चांगल्या स्थितीपासून ढळलं' असा अर्थ आहे. त्यातून हा प्रयोग ब्रिटिश धाटणीचा. अमेरिकेत 'वेंट बॅड' किंवा 'स्पॉइल्ड' जास्त ऐकू येईल.

पण भाषांतरात खरी मेहनत मराठीच्या बाजूला आहे. इंग्रजी दूध, मटण, मासे, साय या सगळ्यांना एकाच 'गॉन ऑफ'मध्ये गुंडाळतं. आपल्याकडे काय बिघडलं आणि कसं बिघडलं यावर शब्द ठरतो:

दूध नासतं. तापवताना फाटलं तरी नासलं म्हणतात. अंडंही नासकं निघतं.
आमटी, भिजवलेलं पीठ आंबतं. आंबणं नेहमी वाईट नसतं, इडलीचं पीठ आंबलं की आनंद होतो. त्यामुळे 'गॉन ऑफ'साठी हा शब्द जपून.
रात्रभर उघडा राहिलेला भात, भाजी विटते: चव गेलेली, वास बदललेला, किंचित तार सुटलेली.
फळं, बटाटे कुजतात किंवा सडतात.
तेल, शेंगदाणे, सुकं खोबरं खवट होतं. इंग्रजीत याला 'रॅन्सिड' असा स्वतंत्र शब्द आहे.
पोळी, पाव शिळा होतो, त्याला 'स्टेल'. शिळी पोळी खाता येते, 'गॉन ऑफ' झालेलं खाऊ नये. हा फरक सोडू नका.
चिवडा, पापड सादळतात. सादळलेलं खराब नसतं, फक्त कुरकुरीत राहत नाही. इथे 'गॉन ऑफ' अजिबात नाही, 'सॉफ्ट' म्हणतात.

तुमच्या पाटीला 'हे दूध नासलेले आहे, वापरू नये' एवढं पुरे.

'विटणे' या शब्दावर मला जरा रेंगाळायचं आहे, कारण तो 'गो ऑफ'शी फार सुंदर जुळतो. भात विटतो, कापडाचा रंग विटतो आणि माणूसही विटतो: 'रोज तेच खाऊन विटलो'. ब्रिटिश इंग्रजीत 'द मिल्क हॅज गॉन ऑफ' आणि 'आय हॅव गॉन ऑफ कॉफी' ही दोन्ही वाक्यं आहेत. पहिल्यात दूध विटलं, दुसऱ्यात कॉफीवरून माणसाचं मन उडालं. ढळणं दोन्हीकडे आहे, पदार्थ ढळतो किंवा आवड ढळते. या दोन वापरांना एकाच शब्दात धरणारं क्रियापद मराठीत आयतं असताना शब्दकोशातले दोन क्रमांक वेगवेगळे पाठ करायची गरज नाही.

ब्रिटिश हॉटेलात आणखी एक सापळा आहे. वेटरने 'द फिश इज ऑफ' म्हटलं तर बहुधा त्याला 'मासे आज संपले' असं म्हणायचं असतं. तेच वाक्य गिऱ्हाईक ताटाकडे बघून म्हणालं तर मासे खराब आहेत.

---

उभयान्वयी

'कॉफी'चं वाक्य निघालंच आहे, तर कर्म येणाऱ्या वापरांबद्दल लिहितो. इथे अर्थ ओळखायला 'ऑफ'च्या पुढे काय आहे ते बघायचं.

पुढे काहीच नसेल तर वर सांगितलेले अर्थ: वाजणे, फुटणे, बंद होणे, बिघडणे. शिवाय 'निघून जाणे'. 'शी वेंट ऑफ ॲट नून' म्हणजे ती दुपारी निघून गेली. कर्ता माणूस असला की हा अर्थ आधी तपासा.

पुढे वस्तू किंवा व्यक्ती असेल, 'गॉन ऑफ कॉफी', 'गॉन ऑफ हिम', तर मन उडालं, आवडेनासा झाला. ब्रिटिश.

पुढे जागा किंवा स्थिती असेल, 'वेंट ऑफ द रोड', 'वेंट ऑफ ड्यूटी', 'वेंट ऑफ एअर', तर ती जागा किंवा स्थिती सोडली: गाडी रस्त्याखाली उतरली, माणूस ड्यूटीवरून सुटला, प्रक्षेपण बंद झालं. 'ड्यूटीवरून सुटला'मध्ये पुन्हा 'सुटणे' आलंच.

पुढे 'विथ' असेल तर घेऊन किंवा सोबत पळाला: 'वेंट ऑफ विथ द कॅश'.

पुढे 'ऑन' आणि माणूस असेल, 'शी वेंट ऑफ ऑन हिम', तर त्याच्यावर उखडली, तोंड सुटलं. हा अमेरिकी वापर. ब्रिटिश 'वेंट ऑफ ऑन वन' म्हणतात, म्हणजे कुठल्याही एका माणसावर नव्हे, नुसताच भडकून बोलत सुटला.

'ॲट अ टँजंट' किंवा अमेरिकेत 'ऑन अ टँजंट' असेल तर विषय सोडून भरकटला. टँजंट म्हणजे भूमितीतली स्पर्शिका. वर्तुळाला टेकून सरळ निघून जाणारी रेषा डोळ्यासमोर आणा, अर्थ विसरणार नाही.

आणि पुढे रीत सांगणारा शब्द असेल, 'वेल', 'स्मूदली', 'विदाउट अ हिच', तर 'पार पडणे'. तुमचं तिसरं वाक्य हेच. तिथे 'ड्रिल' म्हणजे भोक पाडायचं यंत्र नाही, आगीच्या वेळचा सराव आहे. यंत्र समजलं तर 'ड्रिल बंद झालं' असं काहीतरी होऊन बसेल. कारखान्यात दोन्ही ड्रिल असतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

'अडसर' यांच्या बंदुकीच्या उदाहरणात एक भर. 'ही फायर्ड द गन' आणि 'द गन वेंट ऑफ' यांत कर्ता लपतो. पहिल्यात त्याने गोळी झाडली, दुसऱ्यात गोळी सुटली. मराठीतही 'झाडणे' आणि 'सुटणे' नेमका हाच भेद पाळतात. जबाब, बातमी किंवा अपघाताचा अहवाल असेल तर हा भेद जसाच्या तसा आणा. मूळात 'सुटली' असताना 'झाडली' लिहिणं म्हणजे पदरचा आरोप करणं आहे.

---

कळफलक

सगळ्यांचे मनापासून आभार. 'सुटणे' धरल्यावर गुंता बराच सुटला. नवा मसुदा:

१. '२ वाजून ४० मिनिटांनी धुराचा अलार्म वाजला आणि मिनिटभराने दिवे बंद झाले.'
२. 'स्प्रिंकलर सुरू झाल्यास व्हॉल्व्ह बंद करू नये.'
३. 'सराव व्यवस्थित पार पडला.'
४. 'हे दूध नासलेले आहे, वापरू नये.'

---

पॅनलरूम

दोन, तीन, चार पक्के.

पहिल्यात 'दिवे बंद झाले' ऐवजी 'दिवे गेले' लिहा. 'बंद झाले' वाचून कोणी स्विच दाबला असंही वाटू शकतं. मूळ वाक्यात तेवढी माहिती नाही, आणि 'दिवे गेले' तेवढंच सांगतं, जास्त नाही. पुढच्या ओळीत एमसीबी (वीज आपोआप तोडणारा स्विच) ट्रिप झाल्याची नोंद असेल तर बहुधा तेच कारण, मग ती ओळ यालाच जोडा.

वेळही तपासा. नुसतं 'टू फॉर्टी' म्हणजे दुपारचे की पहाटेचे? पाळी कुठली ते नोंदवहीच्या पानावर वर लिहिलेलं असतं. रात्रपाळी असेल तर '०२:४०' असं चोवीस तासांच्या पद्धतीने टाका.

---

सांडशी

चौथ्यात एक शब्द वाढवा: 'हे दूध नासलेले आहे, चहालाही वापरू नये.' जरासं फुटलेलं दूध चहात खपवायची सवय बऱ्याच कँटीनमध्ये असते. मूळ पाटीत हा शब्द नाही, त्यामुळे आधी पुस्तिकेच्या मालकाला विचारा.